परतीचा माल

गावात दुकान एकच, ते मी चालवते.
सत्तावीस घरं, कुत्री त्याहून जास्त.
समुद्र एकदा गोठला
की हेलिकॉप्टर येईल तेव्हाच सफरचंद,
तेही अर्धं काळवंडलेलं.
गोळ्यांचं तसं नाही.
त्या सडत नाहीत, गोठून फुटत नाहीत,
जानेवारीच्या अंधारातही लालच दिसतात.
मी छोट्या फावड्यानं पिशवी भरते,
काट्यावर ठेवते,
आणि शंभर ग्रॅम झाले की वर
एक गोळी प्रेमाची.

उन्हाळ्यात बोटीतून दातांची डॉक्टर येते, विबेके.
शाळेच्या वर्गात खुर्ची मांडते,
दिवा लावते, बाहेर सूर्य मावळायचं नाव घेत नसताना.
तिला आमची भाषा येत नाही,
बायकांना तिची डॅनिश अर्धीमुर्धी.
म्हणून दुकानाला कुलूप लावून
मधे मी बसते.

यंदा पिपालुक. वय पाच.
वरचे पुढचे चार दात काळे,
बर्फ वितळल्यावर डोकं काढणाऱ्या खडकांसारखे.
विबेके विचारते, गोड किती वेळा खाते?
मी विचारते, गोड किती वेळा खाते?
नाया, तिची आई, माझ्याकडे बघते.

माझ्या वहीत तारीखवार आहे सगळं.
रात्री बाटलीत घालायचं लाल सरबत.
बाप हॅलिबट धरायला गेला तो आठवडा,
पोरगी रडायची, तेव्हाच्या तीन पिशव्या.
वाढदिवसाच्या केकचं सामान;
त्या दिवशी सगळं गाव कॉफीला गेलं होतं,
मी दोन तुकडे खाल्ले, तिसरा घरी आणला.

"कधीकधी," नाया म्हणाली.
"कधीकधी," मी डॅनिशमधे म्हणाले.
आपलेच दात, आपलेच ओठ.

मग विबेके दाताच्या कण्या करत राहिली:
झोपताना बाटलीत फक्त पाणी,
खायचंच तर जेवणाबरोबर, एकदा,
दिवसभर गालात गोळी नको.
मी शब्द न् शब्द पोचवला.
"आणि दुकानवाल्यालाही सांगा," ती म्हणाली.
ते वाक्य मी पुढे नेलं नाही.
ते पोचलं होतं.

माझ्या आईचे दात
सीलचं कातडं चावून मऊ करता करता
हिरडीला टेकले होते, जुन्या पायरीसारखे सपाट.
किडलेला एकही नव्हता.
माझी कवळी रात्री पेल्यात असते.

सुई टोचली तेव्हा पिपालुकनं माझा हात धरला.
ओळखीचा हात.
रोज नाणं ठेवतो तो, तसाच चिकट.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तर ती पायरीवर.
ओठ सुजलेला, हातात काड्यापेटी.
टाचा उंचावून तिनं ती गल्ल्यावर ठेवली.
आत कापसावर चार दात.
"हे परत घे," ती म्हणाली,
चार दात गेल्यावर जसं म्हणता येतं तसं.
"खराब निघाले.
मालिकचे हातमोजे उसवले तेव्हा तू घेतले होतेस."

घेतले होते. पावतीशिवाय.

काय करावं सुचेना, म्हणून मी
चारही दात काट्यावर ठेवले.
काटा हलला नाही.
पाच ग्रॅमच्या खालचं त्याला कळतच नाही.
शून्य, शून्य, शून्य,
आणि ती टक लावून आकड्याकडे बघत,
तिचं किती निघतं ते.

गोळ्यांचा डबा कोपराजवळ होता.
हात सवयीनं तिकडे गेला, खोटं कशाला बोलू.
मग मागच्या खुंटीवरून
सुकवलेल्या अम्मासातची जुडी काढली,
एक मासळी तिला दिली.
बदली माल, म्हटलं.

तिनं ती दाढेत धरून पाहिली, पुढून पाहिली,
तुटेना.
मग गालात ठेवली
आणि गोळी चोखावी तशी
चोखत, चोखत
उतारावरून घरी गेली.

काड्यापेटी अजून गल्ल्यात आहे,
सुट्ट्या पैशांच्या खणात.
हिशेब करताना वाजते.